आडनावाआधी स्कोर

अकोल्यात भाड्यानं खोली शोधायची म्हणजे आधी नाव सांगावं लागतं. नाव सांगितलं की घरमालक मान जरा तिरपी करून विचारतो, "बरं, अन् पूर्ण नाव?" त्याला आडनाव पाहिजे असतं. ते सांगितलं की खोली नेमकी कालच दुसऱ्याला दिलेली असते, नाहीतर गावाकडून पाहुणे येणार असतात, नाहीतर म्हाताऱ्या आईचं सोवळं असतं. बाहेर 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी तशीच लटकत राहते. मी मूळचा अचलपूरचा, अकोल्यात एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला. दिवसभर सगळ्या जातींचं रक्त काढून काचेवर पसरायचं आणि संध्याकाळी त्याच लोकांच्या दारात उभं राहून आडनाव सांगायचं, असे माझे दिवस चालले होते. त्या दिवसांत मी मनाशी पक्कं केलं, की काही झालं तरी याच गावात स्वतःचं घर घ्यायचं. लहान का असेना, दार माझं पाहिजे. नाव विचारायची वेळ आलीच, तर ती माझ्यावर यावी.

एका उन्हाळ्याच्या संध्याकाळी मी काकूंच्या दारात उभा राहिलो. काकू म्हणजे टेलिफोन ऑफिसातून रिटायर झालेली, साठी उलटलेली, उंच, सरळ कण्याची बाई. मनगटावर पुरुषी घड्याळ आणि साडीचा पदर खोचलेला. बसा नाही, पाणी नाही. दारातच विचारलं, "स्कोर किती?"

"कशाचा?" मी म्हटलं.

"क्रेडिटचा. कर्ज घेतलं असन ना आयुष्यात? फेडलं का नाही, ते कुठंतरी लिव्हलेलं असते. काढ मोबाइल."

मी घाम पुसत मोबाइल काढला आणि काढता काढता सांगून टाकलं, की खोली थोड्याच दिवसांसाठी पाहिजे, पुढं इथंच घर घ्यायचं आहे. खोली पाहायला गेलेल्या माणसाला दारात उभं करून त्याची पत तपासणारी बाई मी कधी पाहिली नव्हती. रिपोर्ट उघडला, तर स्कोर नऊशेपैकी सहाशेच्याही खाली. काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वरून खालपर्यंत एकेक ओळ वाचली. मग फोन परत देत म्हणाल्या, "भाडं पाच तारखेच्या आत. एक दिवस उशीर झाला त सामान रस्त्यावर. अन् घर घेनार म्हनतो? हा स्कोर घेऊन बँक तुले आत घेईन का?"

मी पायरीवरच बसलो. आडनाव विचारलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या करणीवरून नापास केलं होतं, जन्मावरून नाही. त्या आनंदात मी डिपॉझिट किती हेही विचारायचं विसरलो.

राहायला आलो तेव्हा कळलं, की माझ्यावर काही खास मेहरबानी नव्हती. या बाईनं अख्खी गल्ली जेरीस आणली होती. लोक 'जेवला का' म्हणून विचारतात, काकू 'हप्ता गेला का' म्हणून विचारायच्या. दूधवाला, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा ऑटोवाला, सगळ्यांचे रिपोर्ट त्यांनी काढायला लावले होते. माणसाची ओळखही तशीच सांगायच्या. "तो चौकातला मेडिकलवाला? सातशे चाळीसचा हाय, पोरगी द्याले हरकत नाही." समोरच्या बंगल्यातले एक गृहस्थ गळ्यात बोटभर जाड चेन घालून फिरत. त्यांच्याकडे पाहून काकू मोठ्यानं म्हणायच्या, "सोनं गळ्यात, अन् स्कोर चपलेत." ते ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. मी खाली मान घालून सटकायचो.

हातात रोख पैसे असताना त्यांनी मिक्सर हप्त्यावर घेतला होता. दुकानदार बिचारा परत परत विचारत होता, "बाई, पैसे आहेत ना तुमच्याकडं?" काकू म्हणाल्या, "हायेत म्हनून त हप्त्यावर घेऊन राह्यली. नसते त घेतला नसता." त्याला काही कळलं नाही. वेळेवर भरलेला हप्ताच स्कोर वाढवतो, हे मलाही तेव्हा कळलं नव्हतं. घरात देव्हाऱ्याशेजारी कॅलेंडर असावं तसा त्यांचा स्वतःचा रिपोर्ट प्लास्टिकमध्ये बसवून टांगलेला होता. आठशेच्या वर. उदबत्ती देवाला ओवाळून झाली की हात सहज तिकडेही वळायचा.

आता माझं दुखणं सांगतो. बाबा अमरावतीच्या दवाखान्यात बरेच दिवस होते. तेव्हा बँकेचं पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, जे हाताला लागलं ते घेतलं. बाबा गेले, कर्ज राहिलं. पुढे मी सगळं फेडलं. शेवटचं पर्सनल लोन फेडायच्या वेळी माझा मामा मध्ये पडला. मामा परतवाड्याच्या बैलबाजारातला मुरलेला माणूस, रुमालाखाली बोटं धरून भाव करताना भल्याभल्यांना घाम फोडणारा. तो बँकेच्या वसुलीवाल्यासमोर असा काही बसला, की जणू समोर जोडीतला लंगडा बैल उभा आहे. दोनदा उठून निघून गेला, दोनदा त्या माणसानं परत बोलावलं. शेवटी जवळपास निम्म्यावर सौदा पटला. घरी आल्यावर आईनं पेढे वाटले. 'बँकेले वाकवलं' म्हणून मामाचं नाव चार गावांत झालं.

हे मी काकूंना मोठ्या फुशारकीनं सांगितलं. त्या मेथी निवडत होत्या. जुडी बाजूला ठेवली आणि माझ्याकडं पाहत राहिल्या.

"पेढे वाटले?"

"हो."

"रिपोर्टमंदी त्या कर्जाच्या पुढं काय लिव्हलं हाय, पायलं का? 'सेटल्ड'. 'क्लोज्ड' नाही. म्हंजे काय ते समजते का तुले? म्हंजे या मानसानं पूरे पैसे देल्ले नाही, अर्ध्यात उरकलं. तुहा मामा समजते त्यानं बँकेले लुटलं. बँकेनं तुह्या नावापुढं कायमचं लिहून ठेवलं, का याच्यावर भरवसा ठेवू नका. अन् तुमी पेढे खाल्ले."

तीन वर्षं मी ज्याला फेडलेलं कर्ज म्हणत होतो, ते बँकेच्या लेखी बुडवलेलं होतं.

"मंग आता?" मी विचारलं.

"जे सोडले ते परत देऊन ये."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. बँकेनं स्वतः सोडलेले पैसे, तेही आता, आपण होऊन नेऊन द्यायचे? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी भांडलो. म्हटलं, "काकू, तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? सुटलेला पैसा कोणी परत देतं का?" त्या शांतपणे मेथी निवडत राहिल्या. म्हणाल्या, "घर पाह्यजे का मामाचा मान पाह्यजे, तूच ठरव."

घर पाहिजे होतं. बाबांच्या नावानं ठेवलेली थोडी रक्कम होती, ती मोडली. काकू माझ्यासोबत अमरावतीच्या शाखेत आल्या. एसटीत खिडकीची जागा माझ्याकडून काढून घेतली आणि बडनेऱ्यापर्यंत झोपल्या. बँकेतला तरुण अधिकारी आमचं ऐकून खुर्चीत मागं सरकला. "सर, तुमचं खातं तर बंद झालं आहे. पैसे कशाला भरता?" त्यानं शेजारच्याला बोलावलं, शेजारच्यानं मॅनेजरला. पैसे कोणत्या खात्यात घ्यायचे यावर त्यांच्यात बराच खल झाला. चोरी करायला आलेल्या माणसाकडंही त्यांनी इतकं निरखून पाहिलं नसतं. शेवटी काकू टेबलावर बोट आपटून म्हणाल्या, "पैसे घ्या, कर्ज पूरं फिटलं म्हनून चिठ्ठी द्या, अन् वरती कळवून 'सेटल्ड' कापून 'क्लोज्ड' लिव्हायले सांगा. आमाले जेवाले जायचं हाय." मॅनेजरनं स्वतः सही केली. मामाला हे कळलं तेव्हा त्यानं फोनवर आईला इतकंच म्हटलं, "भाच्याले कोनीतरी काही खाऊ घातलं." आणि पुढचे कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही.

काकूंच्या भाचीला पाहायला अमरावतीत पाहुणे आले होते, तेव्हाही मी सोबत होतो. पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील पिशवीतून पत्रिका काढत होते. काकूंनी मध्येच मुलाला विचारलं, "स्कोर किती?" खोलीत सगळ्यांचे कप हवेत थांबले. काकूंचा भाऊ लाल झाला. मुलाचे वडील म्हणाले, "आमी पत्रिका आनली आहे." काकू म्हणाल्या, "पत्रिका राहू द्या, मंगळ काही हप्ता भरत नाही." मला वाटलं, आता हे लोक उठून जातात. पण त्या मुलानं शांतपणे मोबाइल काढून दाखवला. चांगला भरभक्कम आकडा होता. मग त्यानं विचारलं, "अन् तुमच्या मुलीचा?" भाचीनं कधी कर्जच घेतलेलं नव्हतं, त्यामुळं तिचा स्कोरच नव्हता, ती बँकेच्या लेखी जन्मलेलीच नव्हती. लग्न झालं. लग्नात काकूंनी आहेर म्हणून भाचीच्या नावानं एफडी केली आणि त्या एफडीवर तिला कार्ड काढून दिलं. भाऊ अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही.

हे स्कोरचं वेड का, म्हणून मी एकदाच विचारलं. त्यांच्या नवऱ्याचं लाईट फिटिंगच्या सामानाचं दुकान होतं. ते बुडालं, मग नवराही गेला. काकूंनी पगारातून बँकेचं, सोसायटीचं, सगळं फेडलं. शेवटी थोडी सूट मिळाली ती त्यांनीही घेतली. मग वर एक मजला चढवावा म्हणून त्याच बँकेत गेल्या, तर लेकाच्या वयाच्या पोरानं स्क्रीन त्यांच्याकडं वळवली आणि म्हणाला, मॅडम, तुम्हाला नाही देता येणार. "साऱ्या लोकाइचं फेडलं," काकू म्हणाल्या, "अन् तरी मी चोर. त्या दिवशी मी रस्त्यानं रडत आली." हे सांगताना त्यांचा आवाज जराही हलला नाही.

मला त्यांनी कार्ड काढायला लावलं, तेही एफडी ठेवून, म्हणजे माझ्याच पैशांवर बँकेनं मला उधार द्यायचं. त्या कार्डावर फक्त गॅस सिलिंडर आणि मोबाइलचा रिचार्ज, बाकी एक पैसा नाही, आणि बिल आलं की त्याच दिवशी पूर्ण भरायचं. एकदा मी चिडून दुसऱ्या दोन बँकांत मोबाइलवरूनच अर्ज टाकायला निघालो, तर त्यांनी फोन हिसकावला. "चार ठिकानी इचारलं का चारी ठिकानी समजते, हा मानूस अडला हाय. अडलेल्याले कोनी देत नाही." मी रोज सकाळी उठून स्कोर पाहायचो. एका महिन्यात तो उलटा खाली आला. मी अक्षरशः भिंतीवर हात आपटला. काकू म्हणाल्या, "तू लॅबमंदी काम करते ना? रोज रक्त काढून रोज हिमोग्लोबिन पाहते का कोनी?" त्यानंतर मी तोंड बंद ठेवलं.

वर्ष उलटून गेल्यावर रिपोर्टवर 'सेटल्ड'च्या जागी 'क्लोज्ड' आलं, आणि आणखी काही महिन्यांनी आकडा साडेसातशेच्या पुढं गेला. बँकेनं घरासाठी कर्ज मंजूर केल्याचं पत्र हातात दिलं, तेव्हा मी बँकेच्या पायऱ्यांवर बसून आईला फोन लावला आणि पत्र तिला वाचून दाखवलं. काकूंनी त्या दिवशी पातोडीची रसभाजी केली. मला वाढताना म्हणाल्या, "आता कोनी तुले नाही म्हनत नाही."

फ्लॅट त्यांनीच पाहून ठेवला होता. टेलिफोन ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर नोकरीभर बसलेले एक साहेब आपला दुसरा फ्लॅट विकत होते. सज्जन, मऊ बोलणारे गृहस्थ. त्यांच्या बायकोनं ओटा दाखवला, पाणी किती वाजता येतं ते सांगितलं, चहा दिला. काकूंनी माझी ओळख 'आपला पोरगा, लॅबमंदी हाय' अशी करून दिली होती. भाव ठरला. घासाघीस करायची नाही असा काकूंचा हुकूम होता, त्यामुळं साहेब खूश. टोकनची पावती लिहायला त्यांनी माझं बँकेचं पत्र मागितलं. मी दिलं. पहिल्या ओळीवर माझं पूर्ण नाव होतं. साहेबांनी ते वाचलं, पेनाचं टोपण परत लावलं आणि पत्राची घडी घातली.

"वहिनी, जरा सोसायटीतल्या लोकांना विचारावं लागेल."

"काय इचारायचं?" काकू म्हणाल्या. "कर्ज मंजूर हाय. स्कोर मी स्वतः पायला."

"तसं नाही हो. तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं." मग माझ्याकडं न बघता ते हळूच म्हणाले, "तुमच्या नावावर घेत असाल, तर आमची काही हरकत नाही. आमचं काहीच नाही, लोकांचं आहे."

मी पत्र उचलून खिशात ठेवलं. मला नवीन काही नव्हतं. पण काकूंकडं पाहिलं आणि घाबरलो. चेहऱ्यावरचा रंग गेला होता. त्या साहेबांकडं अशा पाहत होत्या, की हा माणूस कोण हेच त्यांना ओळखू येत नसावं. मी दंडाला धरून उठवलं. जिना उतरून पार्किंगमध्ये आल्यावर त्या तिथल्याच कट्ट्यावर बसल्या. पाणी दिलं तर घेतलं नाही.

आणि माझा तोल सुटला. साहेबावर नाही, काकूंवर. मी म्हटलं, "काकू, धक्का तुम्हाला कशाचा बसला? लहानपणापासून हेच ऐकत आलो मी. साठ वर्षं तुम्ही राहिल्या कोणत्या गावात?" पार्किंगमध्ये आवाज घुमला. वॉचमन वळून पाहू लागला. मला वाटलं, आता त्या मला झोडपतात. त्या काहीच बोलल्या नाहीत. ऑटोत नाही, घरी आल्यावर नाही, आठवडाभर नाही. या बाईला खरंच काही माहीत नव्हतं, या गोष्टीचा धक्का मला त्या साहेबापेक्षा मोठा होता. माहीत नसण्याचीही चैन असते, आणि ती आम्हाला कधी परवडली नाही.

घर मग बाळापूर रोडला मिळालं. लहानसं, दोन खोल्यांचं, पुढं दोन कुंड्यांपुरती जागा. विकणाऱ्यानं फक्त विचारलं, "लोन झालं का?" स्कोर चांगला म्हणून व्याजही जरा कमी बसलं. गृहप्रवेशाला आई अचलपूरहून आली, बुद्धवंदना झाली, खीर झाली. मामाही आला. बोलला नाही, पण प्रत्येक भिंतीवर बोटं ठोकून पाहिली. काकू ऑटोनं एकट्या आल्या. खाली सतरंजीवर बसून जेवल्या. बाकीचे उठल्यावर मला म्हणाल्या, "बस जरा."

मी बसलो.

"तू त्या दिवशी इचारलं, कोनत्या गावात राह्यली म्हनून. याच गावात राह्यली. मले माहीत नव्हतं असं नाही." त्या वाटीतल्या खिरीकडं पाहत बोलत होत्या. "तू पहिल्यांदा आला, मी तुहा फोन घेतला. रिपोर्टवर सर्वात वर तुहं पूर्ण नाव होतं. ते वाचलं, अन् मी मनात नाही म्हनून टाकलं होतं. खोली कालच गेली, असं सांगनार होती."

"मंग?" मी विचारलं.

"मंग नजर खाली गेली. ते 'सेटल्ड' दिसलं. माह्या रिपोर्टवरबी तेच होतं एकेकाळी. माहं डोकंच फिरलं. या पोरालेबी त्याईनं चोर केलं, असं झालं मले. अन् तोंडातून निघून गेलं, भाडं पाच तारखेच्या आत." त्यांनी वाटी खाली ठेवली. "त्या साहेबाच्या घरी तो बोलून राह्यला होता, अन् मले माहाच आवाज ऐकू येऊन राह्यला होता. तुहा स्कोर चांगला असता ना, त मी तुले दारातूनच परत पाठवलं असतं."

गावात, लॅबमध्ये, नातेवाइकांत मी किती जणांना सांगत फिरलो होतो, की अकोल्यात एक बाई अशी आहे जिनं मला आडनाव विचारलं नाही. आई आतून आली. तिला काही माहीत नव्हतं. काकूंची वाटी रिकामी दिसली, म्हणून तिनं आणखी खीर वाढली. काकूंनी नको म्हटलं नाही. मान खाली घालून ती सगळी संपवली, मग पदरानं तोंड पुसलं आणि ऑटो थांबलाय म्हणून उठल्या. मी गेटपर्यंत गेलो, पण पाया पडलो नाही.

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो. कर्जाचा हप्ता खात्यातून कटला, की पहिला फोन मात्र मी त्यांनाच लावतो. 'गेला का?' त्या विचारतात. 'गेला,' मी सांगतो. मग दोघंही फोन कानाला धरून राहतो, आणि आधी कुणी ठेवावा ते आम्हाला अजून कळत नाही.